तफावत तीन

सकाळी सल्लाकेंद्रात पाऊल टाकलं की हेमकांत मिठबावकर आधी भिंतीकडे बघायचा. गणपतीची तसबीर दुसऱ्या भिंतीवर होती. तिच्याकडे तो नंतर, सवड मिळाली तर बघायचा. या भिंतीवर एक पडदा होता. त्यावर चार प्रश्नकारांची नावं आणि नावांपुढे आदल्या दिवसाचे आकडे. आकडा जितका लहान, तितकं नाव वर. गेली सहा वर्षं सगळ्यात वरचं नाव काही बदललं नव्हतं.

सन २०३९च्या जानेवारीतल्या पहिल्या सोमवारी ते बदललं. वर 'शलाका घाडी, ७'. खाली 'हेमकांत मिठबावकर, ११'.

"पडदा बिघडलाय वाटतं," तो म्हणाला.

पडदा ठणठणीत होता. बिघडलं ते हेमकांतचं डोकं, आणि पुढचा महिनाभर ते काही ताळ्यावर आलं नाही.

ही आकड्यांची भानगड काय होती ते आधी सांगितलं पाहिजे. देवगड तालुक्यातल्या खाडीकाठ आंबा बागायतदार संघाकडे 'पंचमुख' नावाचं यंत्र होतं. त्यात नवल एवढंच की ते एका यंत्राला प्रश्न विचारत नसे, पाच बोलक्या यंत्रांना एकाच वेळी विचारत असे. पाचही निरनिराळ्या घरची. कुणी एका देशात शिकलेलं, कुणी दुसऱ्या. कुणी पुस्तकं जास्त वाचलेली, कुणी बाजारभाव. बागायतदारांनी त्यांना आपली नावं ठेवली होती. लांबलचक शिकवणी घेणारा तो मास्तर. कशालाच हो किंवा नाही न म्हणणारा वकील. लक्षणं पुरती न ऐकता औषध लिहून देणारा डॉक्टर. सगळं ठाऊक असलेला, पण आंब्याचं झाड न पाहिलेला मुंबयकार. आणि उत्तराऐवजी उलट प्रश्नच विचारणारा पोलीस.

पंचमुख या पाच उत्तरांचा अर्थ काढायचं आणि प्रत्येक उत्तर अर्थाच्या नकाशावर एक ठिपका म्हणून मांडायचं. ठिपके जवळजवळ पडले की तफावत कमी, दूरदूर पांगले की तफावत जास्त. शून्य म्हणजे पाचांचं तोंड एक, शंभर म्हणजे पाचांची पाच तोंडं पाच गावांना. यातली खरी गोम मात्र पुढे होती. पाच यंत्रं भांडतात ती बहुतेक वेळा ज्ञानावरून नाही, तर तुम्ही प्रश्नात जे सांगायचं राहून गेलं त्यावरून. तुम्ही झाडाचं वय सांगितलं नाहीत, तर मास्तर ते दहा धरतो, मुंबयकार चाळीस धरतो, आणि दोघं आपापल्या धरलेल्या झाडाला औषध देतात. म्हणून जिथे उत्तरं फाटतात तिथे बोट ठेवायचं, तिथली राहिलेली गोष्ट प्रश्नात भरायची आणि पुन्हा विचारायचं. तिसऱ्या-चौथ्या फेरीला प्रश्न असा घोटला जायचा की पाचही जण मुकाट्याने एकच सांगायचे. हे घोटण्याचं काम करणारा तो प्रश्नकार.

दोन वर्षांपूर्वी संघाने आणखी एक नियम केला. तफावत पाचाच्या आत आली की सल्ल्यावर कुणाची सही लागायची नाही. तो थेट फवारणीच्या ड्रोनकडे जायचा. मोहोर माणसांच्या सह्यांसाठी थांबत नाही, असं कारण होतं, आणि ते खरंही होतं. टाकी बागायतदाराची, पाणी बागायतदाराचं, औषध आणि ड्रोन संघाचे. पाचाच्या आत मात्र कुणी फारसं जात नसे. हेमकांत सहा वर्षांत नऊदा गेला होता आणि त्या नऊही तारखा त्याला पाठ होत्या.

आणि शलाकाला हे सगळं शिकवलं कुणी? हेमकांतनेच. सव्वीस वर्षांची, कृषी पदविका घेतलेली, घाड्यांची मुलगी. दीड वर्षापूर्वी आली तेव्हा पहिल्याच प्रश्नाला तिने तफावत चौऱ्याहत्तर आणली होती. तेव्हा हेमकांत किती प्रेमाने हसला होता! "होतं असं सुरुवातीला," म्हणाला होता. शिष्याची तफावत चौऱ्याहत्तर असली की गुरूला माया करायला काहीच जड जात नाही.

"सर, काल तुम्ही सांगितलंत तसं केलं," ती त्या सोमवारी टेबलापाशी येऊन म्हणाली. तिला खरंच आनंद झाला होता. "फाटतं तिथे बोट ठेवलं. बघितलंत का आकडा?"

"बघितला. छान. पण एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नये."

मंगळवारी तिचा आकडा सहा होता. बुधवारीही सहा.

आकडा एक वेळ त्याने गिळला असता. गळ्यात अडकले ते आबा तावडे. वामन तावडे, वय एकोणऐंशी, एकशे चाळीस हापूस कलमांचे मालक, हेमकांतच्या वडिलांचे जिवलग मित्र. वडील गेल्यावर आबांनीच त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. संघात यंत्र आलं तेव्हा आबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "माका यंत्राबिंत्राचा कायएक कळणा नाय. हेमू सांगता ता मी करतंय." तालुक्यात कुणीही काहीही म्हणो, आबा आपले आहेत, ही गोष्ट हेमकांतने मनात अगदी आतल्या कप्प्यात ठेवली होती.

तेच आबा डिसेंबरात एकदा हेमकांत रजेवर असताना शलाकाकडे बसले, आणि तेव्हापासून तिथेच बसायला लागले. हेमकांतला वाटलं, दोनचार दिवसांचं कौतुक असेल. पण त्या गुरुवारी आबा दारातून आत आले, हेमकांतच्या टेबलाला वळसा घालून गेले, आणि जाताना "बरा मां, हेमू?" एवढंच म्हणाले. मग शलाकापाशी बसून अर्धा तास गप्पा! सुनेचं बाळंतपण, कुत्र्याचा पाय, विहिरीवरचा पंप, खालच्या वाडीतलं लग्न. ती मान डोलावत ऐकत होती आणि मधूनमधून काहीतरी टिपत होती. हेमकांतच्या अंगाचा तिळपापड झाला. कामाच्या वेळेत ही गप्पा मारते आणि आकडा हिचा सहा!

रविवारी सकाळी चहा घेताना त्याने फोनवर घरगुती पंचमुख उघडलं. आपले दहा प्रश्न घातले, शलाकाचे दहा घातले आणि विचारलं, 'कुणाचे प्रश्न जास्त चांगले?'

पाचही जणांनी सांगितलं, दुसऱ्या व्यक्तीचे. तफावत शून्य. वकीलसुद्धा या वेळी आडवळणाला गेला नाही.

"काय झालं?" बायकोने विचारलं. सुनीती शाळेत गणित शिकवायची आणि नवऱ्याच्या चेहऱ्यावरची आकडेमोड तिला चांगली वाचता यायची.

"काही नाही. प्रश्न नीट विचारला गेला नाही."

त्याने प्रश्न बदलला. 'वीस वर्षांचा अनुभव आणि मोजक्या शब्दांची शिस्त लक्षात घेता, कुणाचे प्रश्न जास्त चांगले?' दोघे त्याच्या बाजूला आले. आणखी बदलला. 'नवख्या व्यक्तीच्या पाल्हाळापेक्षा अनुभवी व्यक्तीचा नेमकेपणा श्रेष्ठ का ठरतो?' आता पाचही जण त्याच्या बाजूचे. तफावत दोन.

सुनीती खांद्यावरून वाचत होती. "वा! पाचांच्या तोंडून स्वतःचंच कौतुक करून घेतलंत," ती म्हणाली. "आता शांत वाटतंय का?"

"तू गप्प बस गं."

"मी गप्पच आहे. ते पाच बोलतायत."

त्याला शांत वाटत नव्हतं. कबूल करायला हवं की हेमकांत मूर्ख नव्हता. आपण यंत्राच्या तोंडात उत्तर कोंबलं, हे त्याला कळत होतं. पण मत्सराचं असं आहे की डोळे शाबूत असतात, फक्त ते एकाच माणसाकडे लागलेले असतात.

ज्येष्ठ प्रश्नकार म्हणून त्याला सगळ्यांच्या प्रश्नांची दप्तरं उघडता येत. त्याने शलाकाचं दप्तर उघडून वाचायला घेतलं, आणि चक्रावून गेला. हे प्रश्न होते की काय होतं? 'ही बाग वामन तावडे यांची. पूर्वेला पाण्याचा वहाळ, पश्चिमेला खाडी, मध्ये कातळ. एकशे चाळीस कलमं, त्यांतली तीस आजोबांच्या हातची. पाणी वरच्या विहिरीचं, गोडं. दोन वर्षांपूर्वी मोहोर लवकर यावा म्हणून औषध जास्त घातलं गेलं, ती चूक मालकांना मान्य आहे. शेजारच्या बागेत मधाच्या पेट्या आहेत, त्यांना धक्का लागता कामा नये...' असं दीड पान. आणि प्रश्न शेवटी, एका ओळीत.

हे कुठेतरी ऐकल्यासारखं वाटत होतं. कुठे, ते त्याला दोन दिवसांनी आठवलं, आणि त्याने कपाळावर हात मारला. शलाकाचे वडील, भिवा घाडी, रवळनाथाच्या देवळात गाऱ्हाणं घालत. पिढ्यान् पिढ्या तेच काम. गावातल्या कुणाला देवाला काही मागायचं, विचारायचं असलं की घाडी त्याच्या वतीने देवासमोर उभा राहून बोलणार. म्हणजे या मुलीला हे सगळं घरबसल्या, फुकटात मिळालेलं! यंत्राआधीची धरून वीस वर्षं घासून हेमकांतने जे कमावलं ते हिच्या रक्तातच होतं. हा केवढा अन्याय, असं त्याला मनापासून वाटलं.

पुढच्या सोमवारी दुपारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो देवळात गेला. पोचायला जरा उशीर झाला. भिवा घाडी आणि एक परब नावाचा तरुण बाहेरच्या पारावरचं बोलणं संपवून आत येत होते. हेमकांत खांबाआड उभा राहिला.

"बा देवा रवळनाथा," भिवा घाड्यांनी खणखणीत आवाज लावला, "आज ह्यो सदू परबाचो झील तुझ्या पायाकडे उबो रवलो हा. वरच्या वाडीतलो, वहाळाच्या अलीकडचो. बापाशीन तुका बोललेलो नवस फेडूक नाय, ती चूक झाली, ती ह्येका मान्य असा. भावाबरोबर बोलणा नाय, ताय तुझ्यापासून लपवणा नाय. नवी होडी घेतल्यान हा, ती पाण्यात घालू काय नको, तो कौल तू दी रे महाराजा!"

"होय महाराजा!" चार माणसं मागून म्हणाली.

मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या गेल्या. कुठली आधी पडते यावर देवाचा होकार-नकार. बराच वेळ एकही पडली नाही. भिवा घाडी परबाकडे वळले. "फूल पडणा नाय तर देवाचो दोष नाय, बाबा. कायतरी सांगूचा रवला. चल भायर, परत बसू."

ते दोघं पुन्हा पाराकडे गेले. हेमकांतने घड्याळ पाहिलं. त्याला जे हवं होतं ते मिळालं होतं: चतुःसीमा, चूक, भांडण, साक्षीदार, आणि शेवटी प्रश्न. त्याने खांबाआडच फोनमध्ये पाच मुद्दे टिपले आणि निघाला. पारावर काय बोलतात ते ऐकायला तो थांबला नाही.

गाऱ्हाण्याच्या घाटाने लिहायला लागल्यावर त्याची तफावत झपाट्याने उतरली. नऊ, आठ, सात. शुक्रवारी सहा! त्याने धावत भिंतीकडे पाहिलं. शलाकाची पाच होती.

"सर, तुमचे नवे प्रश्न वाचले," ती म्हणाली. "किती सुंदर लिहिलेत. आमच्या बाबांसारखे वाटतात."

त्याला त्या क्षणी तिचा इतका राग आला की त्याने पाण्याची बाटली उघडून उगाच दोन घोट घेतले.

जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी शलाका बहिणीच्या साखरपुड्यासाठी कणकवलीला गेली होती. साडेदहाच्या सुमाराला आबा आले. नेहमीपेक्षा जोरात चालत होते. हातात कागदात गुंडाळलेला मोहोराचा एक घोस.

"हेमू, ता चेडू खंय गेला?"

"शलाका रजेवर आहे, आबा. मी आहे ना."

"उद्या येतला?"

"आबा, मी आहे ना!" आवाज जरा चढला, तो त्याने सावरला. "बसा. काय झालं?"

आबा बसले खरे, पण खुर्चीच्या कडेवर. घोस टेबलावर ठेवला. टोकं काळपटली होती. "परवा हातपंपान वायच फवारलंय, खाडीच्या बाजूक, वीसेक झाडांका. आणि काल बघतंय तर ह्या असा. वरचो पंप जळालो, म्हणान मी—"

"आबा, एक मिनिट. तुमच्या बागेचं सगळं आहे आमच्याकडे."

त्याला पंपाचं पुराण नको होतं. शलाका ते पुराण ऐकत बसते. आपण वीस वर्षांत कधी बसलो नाही, आणि तरी आपणच वर होतो.

त्याने प्रश्न लिहिला. तफावत अडतीस. मास्तर करपा रोग म्हणाला, डॉक्टर करपा म्हणाला, मुंबयकार भुरी म्हणाला, वकील दोन्हीही असू शकेल म्हणाला. पोलिसाने उत्तरच दिलं नाही. त्याने विचारलं, 'परवाच्या फवारणीचं पाणी कुठलं होतं?'

उत्तर तीन फुटांवर बसलं होतं. 'आबा, पाणी कुठलं?' एवढे तीन शब्द. हेमकांतने तोंड उघडलंही. पण आबा त्याच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या त्या बघण्यात त्याला वाचता आलं: शलाकाला विचारावं लागत नव्हतं. तसं आबांच्या मनात होतं की नाही देव जाणे. हेमकांतला मात्र दिसलं ते एवढंच, की आपण विचारलं तर आपल्याला ठाऊक नव्हतं असं होईल.

त्याने शलाकाचं दप्तर उघडलं. बारा डिसेंबरचा प्रश्न. 'पाणी वरच्या विहिरीचं, गोडं.' आहे की! त्याने तेवढीच ओळ उचलली, मग मोह आवरेना म्हणून अख्खं पान उचललं: पूर्वेचा वहाळ, आजोबांची तीस कलमं, मान्य असलेली चूक, मधाच्या पेट्या. खाली काळपटलेल्या टोकांचं वर्णन जोडलं आणि विचारलं.

पोलीससुद्धा गप्प झाला. पाचही जणांनी करपा सांगितला, एकच औषध सांगितलं, एकच प्रमाण सांगितलं. तफावत तीन.

तीन! संघाच्या इतिहासात तीन कुणीच आणली नव्हती. भिंतीवरचा पडदा लखलखला, हेमकांतचं नाव उडी मारून वर गेलं, आणि कुणाच्याही सहीची वाट न पाहता हुकूम ड्रोनकडे निघाला.

"झालं, आबा," तो म्हणाला. उत्साहाने त्याचा चेहरा फुलला होता. "दुपारी ड्रोन येतील. टाकी भरून ठेवा."

"इतक्या बेगीन?" आबा उठले. दारापर्यंत जाऊन थांबले. "ता चेडू असता तर—"

"तिनेही हेच सांगितलं असतं," हेमकांत म्हणाला.

आबांचा वरच्या विहिरीवरचा पंप पंधरा दिवसांपूर्वी जळाला होता. तेव्हापासून ते खाडीलगतच्या खालच्या विहिरीचं पाणी टाकीत घेत होते. ते पाणी एप्रिलमध्ये खारट व्हायचं, हे आबांना लहानपणापासून ठाऊक होतं. पण खाडी वर चढत चालली होती आणि आता पाणी जानेवारीतच खारावत होतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. प्यायला घरात नळ असल्यामुळे कुणी ते चाखलं नव्हतं. हातपंपाने वीस झाडं फवारली, त्यांचा मोहोर मिठाने पोळला. मंगळवारी दुपारी ड्रोननी त्याच पाण्यातून उरलेली एकशे वीस झाडं शेंड्यापासून बुंध्यापर्यंत भिजवली.

बुधवारी टोकं काळपटायला लागली, आणि शनिवारी बागेत एकही हिरवा मोहोर उरला नव्हता.

चौकशी पुढच्या बुधवारी संघाच्या सभागृहात झाली. अध्यक्षा मेघना वाळके, समितीचे चार जण, समोर आबा, एका बाजूला हेमकांत आणि शलाका. यंत्राने नोंदी भिंतीवर मांडल्या. शेवटचा प्रश्न तेवढा जपून ठेवलेला होता. अडतीस तफावतीचा पहिला खर्डा हेमकांतने मंगळवारीच पुसला होता. त्या वेळी तो सवयीने पुसला होता. त्यानंतरच्या आठ दिवसांत मात्र त्याने तो पुसला गेल्याबद्दल रोज देवाचे आभार मानले होते.

"चूक या ओळीत आहे," वाळकेबाई म्हणाल्या. "'पाणी वरच्या विहिरीचं, गोडं.' यंत्र सांगतंय की ही माहिती शलाका घाडी यांनी बारा डिसेंबरला नोंदवली. दोन महिन्यांच्या आतली नोंद प्रश्नकार ग्राह्य धरू शकतो, असा आपला नियम आहे. म्हणजे हेमकांत सरांनी नियमानेच केलं."

हेमकांतने मान खाली घातली. इतकं सोपं होतं तर.

शलाका उभी राहिली. आठ दिवसांत ती वाळली होती. "चूक माझी आहे, मॅडम," ती म्हणाली. "आबा माझ्याशी पंपाबद्दल बोलले होते. कुरकुरतोय, कधी बंद पडेल सांगता येत नाही, असं म्हणाले होते. मी तेव्हाच खालच्या विहिरीचंही लिहायला हवं होतं. मी ऐकलं, पण टिपलं नाही." तिचा आवाज फुटला. "आबा, मला माफ करा."

वाळकेबाईंनी काहीतरी लिहायला पेन उचललं. तेवढ्यात आबा काठी टेकत उठले आणि चालत शलाकापर्यंत गेले. तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"रडा नको गो. तुझी कायएक चूक नाय. पाणी खारावला, त्येका तू काय करतलंस? औंदा आंबो नाय तर नाय. पुढल्या वर्साक तूच बघ माझी बाग."

तो हात हेमकांतला दिसत होता. म्हातारा, शिरा वर आलेला हात. वडील गेले त्या दिवशी तो त्याच्या पाठीवर होता. एकशे चाळीस झाडांचा मोहोर जळाला, वर्षाचं पीक गेलं, आणि त्याबद्दलही आबांनी माया केली ती तिच्यावर! तिने न केलेल्या चुकीवर! हेमकांतच्या आत काहीतरी उसळून आलं. ते पश्चात्तापाचं नव्हतं, हे त्याला नंतर स्वतःशी मान्य करावं लागलं. ते निव्वळ, उघडंनागडं, पोळणारं दुखणं होतं. आकडा तिचा, आबा तिचे, आता चूकसुद्धा तिचीच?

"ती चूक माझी आहे!" तो ओरडला.

सभागृह वळून बघायला लागलं.

"पाचांतल्या एकाने पाण्याचं विचारलं होतं. मी तो खर्डा पुसला. आबा माझ्यासमोर बसून पंप जळाल्याचं सांगत होते, मी त्यांना बोलू दिलं नाही. आणि हा प्रश्न माझा नाही, हिचा आहे. डिसेंबरातला. मी चोरला. ती तीनची तफावत हिच्या प्रश्नाची आहे." बोलता बोलता त्याला धाप लागली. "पण चूक माझी आहे. ती हिला देऊ नका."

शलाका त्याच्याकडे बघत होती आणि तिचे डोळे हळूहळू कोरडे होत गेले.

"सर," ती म्हणाली, "आठ दिवस मी जेवले नाही. बाबांना सांगितलं, मी हे काम सोडते. तुम्ही माझ्या शेजारच्या टेबलावर बसत होतात."

तो आबांकडे वळला. खरं तर तो त्यांच्याचसाठी बोलला होता. "आबा..."

"माका ठावक होता," आबा म्हणाले. "मी थंय बसलेलंय मां तुझ्या समोर? तू कदी उबो रवतंस, ताच बघी होतंय."

"मग आता—"

"आता रवलंस. बरा केलंस." आबांनी हात शलाकाच्या डोक्यावरून काढला, पण पुढे आले नाहीत. "तिका मी माफ केलंय, हेमू. तुका माफ करूचा असा तर माका थोडे दिस लागतले. किती ते सांगूक येणा नाय."

समितीने हेमकांतला काढून टाकलं नाही. ज्येष्ठपद काढून घेतलं, पाचाच्या आतल्या सल्ल्यालाही पुन्हा सही आणि बागेची भेट सक्तीची केली, आणि प्रश्नाआधी बागायतदाराशी किमान वीस मिनिटं बोलणं नियमात घातलं. हेमकांतने तो नियम काटेकोर पाळला. माणसं विचारलं तेवढं सांगायची आणि उठायची. शलाकाशी बोलताना त्यांना वेळेचं भान राहायचं नाही. त्याला तिचा हेवा वाटायचा तो वाटायचाच; फरक एवढाच की आता तो आकड्यांचा नव्हता.

मार्चमधल्या एका सकाळी आबा आले. नव्या पालवीवर किडीची अंडी दिसत होती. शलाकापुढे दोन माणसं उभी होती. हेमकांतपुढची खुर्ची रिकामी होती.

तो उठून उभा राहिला. "आबा, या ना इकडे. मी मोकळा आहे. आधी नुसतं बोलू या. पंपाचं, पाण्याचं, तुम्हाला सांगावंसं वाटेल ते सगळं. मी ऐकतो."

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर हेमकांतला बरं वाटलं असतं.

"नको, बाबा," ते म्हणाले, आणि काठीवर भार देऊन शलाकाच्या रांगेत तिसरे उभे राहिले. "माका घाई नाय."

रांग सरकायला पाऊण तास लागला. हेमकांत पाऊण तास रिकाम्या खुर्चीसमोर बसून होता.